जोडी सुटलेला मोजा

मी मोजा बोलतोय. हो, पायातलाच. आधी नाक मुरडून घ्या, मग पुढे ऐका. मला घाई नाही.

करड्या रंगाचा, नायलॉनचा, टाचेशी थोडा विरलेला असा मी एक मोजा आहे आणि तोही एकटा. एकट्या मोज्याला या जगात काय किंमत असते ते मला कुणी शिकवायला नको. पण एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. आमच्या घरात जे गाणं होतं ते माईकच्या आधी माझ्यापाशी येतं. माझ्यातून गेल्याशिवाय त्याला पुढे वाट नाही. ही बढाई नाही. म्हणजे, थोडी आहे, पण खरी आहे.

माझा जन्म यंत्रावर झाला. डोळे उघडले तेव्हा शेजारी माझा जुळा होता, माझ्याचसारखा, आणि आम्हा दोघांच्या कडा एका प्लास्टिकच्या टाचणीने जोडलेल्या होत्या. रस्त्याकडेच्या गाडीवर आम्ही ढिगात पडलो होतो. एका माणसाने आम्हाला उचललं, ताणून पाहिलं, सोडलं, परत ताणलं. मग गाडीवाल्याने त्याला मूठ वळायला सांगितली आणि माझा तळवा त्या मुठीभोवती गुंडाळून दाखवला. टाच चवड्याला टेकली म्हणजे माप बरोबर. अशा रीतीने एका बंद मुठीने माझं नशीब ठरवलं.

तो माणूस लिफ्ट दुरुस्त करायचा. घरात सगळे त्याला दादा म्हणतात. धाकटा भाऊ म्हणतो म्हणून आईही म्हणते. बायको अर्थातच 'अहो' म्हणते.

बुटातल्या आयुष्याबद्दल मी फार बोलणार नाही. ग्रीसचा वास, लोखंडी शिड्या, इमारतीच्या माथ्यावरची ती तापलेली मशीनची खोली आणि संध्याकाळपर्यंत घामाने चिंब. माझ्या जुळ्याला मात्र ते सगळं आवडायचं. "आपण आहोत म्हणून माणूस उभा आहे," असं तो मोठ्या ऐटीत म्हणायचा. मी म्हणायचो, "माणूस अनवाणीही उभा राहतो." मग तो दिवसभर माझ्याशी बोलायचा नाही. तसाही तो डाव्या बुटात आणि मी उजव्या, त्यामुळे दिवसा भेट व्हायचीच नाही.

एका धुण्याच्या दिवशी तो हरवला. दोरीवर मी एकटाच लटकलो होतो. दादाने थोडा वेळ शोधलं, आई खाटेखाली वाकून बघून आली आणि मग मला दाराच्या मागे खिळ्याला टांगलेल्या पिशवीत टाकण्यात आलं. त्या पिशवीत आणखी काही एकटे होते. एक तर लोकरीचा इवलासा मोजा होता. तो ज्याच्या पायातला, त्या धाकट्याच्या दाढीत आता दोन-चार पांढरे केस आलेत. माणसांची ही खोड मला कधी कळली नाही. हरवलेल्याला नीट शोधत नाहीत आणि राहिलेल्याला टाकतही नाहीत. पिशवीत ठेवतात. वाट बघ म्हणतात.

मी वाट बघितली नाही. मी चिडून पडून राहिलो.

मग एका दुपारी घरात उलथापालथ सुरू झाली. खाटेवरची गादी उचलून भिंतीला उभी केली, कपाटाची दोन्ही दारं सताड उघडली, खिडकीवर चादर ठोकली. दादाच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनीला, घरात गाणं रेकॉर्ड करायचं होतं.

वहिनीबद्दल सांगायला हवं. सकाळी ती दातांच्या दवाखान्यात बसते. बाकावर गाल धरून बसलेल्या लोकांची नावं एकेक करून पुकारणं हे तिचं काम. लग्नाआधी ती एका ऑर्केस्ट्रात गायची. तिथला पेटीवाला पुढे संगीतकार झाला आणि त्याने तिला एक काम दिलं. त्या कामाला डमी म्हणतात.

डमी म्हणजे काय ते मला धाकट्याच्या बोलण्यातून कळलं. संगीतकार नवी चाल बांधतो. ती मोठ्या गायिकेला शिकवायची तर कुणीतरी आधी गाऊन ठेवायला हवी. ते कुणीतरी म्हणजे वहिनी. ती शब्द, ताल, श्वास, हरकती सगळं मांडून गाणं पाठवणार, मोठी गायिका ते ऐकून स्टुडिओत गाणार आणि मग वहिनीचा आवाज काढून टाकणार. पूर्वी या कामासाठी वहिनीला स्टुडिओत बोलवायचे. मग संगीतकाराला वाटलं, पुसायच्याच गोष्टीसाठी स्टुडिओ कशाला अडवायचा? घरूनच गाऊन पाठव म्हणाला.

घरात काय होतं? धाकटा झेरॉक्सच्या दुकानात बसतो. तिथला मोडीत काढलेला कॉम्प्युटर त्याने घरी आणला होता. तो सुरू झाला की विमान उडाल्यासारखा गरजायचा. म्हणून त्याला स्वयंपाकघरात हाकललं, आणि माईकची लांब वायर दाराखालच्या फटीतून आतल्या खोलीत आणली. माईक वापरलेला, कुणा नकलाकाराकडून घेतलेला. त्याच्या जाळीला पोचा होता, पण तोरा असा की जणू गाणं त्याच्याच पोटातून निघतं. गाणारी खोलीत आणि धाकटा स्वयंपाकघरात, मध्ये बंद दार. मग कपडे वाळत घालायच्या दोरीचा एक तुकडा दाराखालून सोडला. त्याने एकदा ओढली की गा. दोनदा ओढली की थांब.

पहिला टेक झाला. टेक म्हणजे एका दमात गायलेली खेप. सगळे स्वयंपाकघरात जमून ऐकायला लागले. गाणं छान होतं, पण जिथे प आला, फ आला, भ आला, तिथे कुणीतरी गादीवर काठी हाणावी तसा 'फट्' असा आवाज यायचा. तोंडातून हवेचा झोत थेट माईकवर आदळत होता. धाकटा म्हणाला, याच्यासाठी बाजारात पडदा मिळतो, पॉप फिल्टर म्हणतात. त्याची किंमत ऐकून दादा चहाचा कप घेऊन बाहेर निघून गेला.

आई, म्हणजे वहिनीची सासू, कोपऱ्यात भरतकाम करत बसली होती. एका दुकानासाठी ती उशांचे अभ्रे भरते. तिने लाकडी रिंगेतून अर्धं भरलेलं फूल सोडवलं, दाराच्या मागच्या पिशवीत हात घातला आणि मला बाहेर काढलं. दोन्ही हातांनी फाकवून उजेडासमोर धरलं आणि रिंगेवर असं ताणून बसवलं की माझा श्वासच अडकला. मग कपड्यांच्या चिमट्याने ती रिंग टेबलावरच्या वाकणाऱ्या दिव्याच्या मानेला लावली आणि मी माईकसमोर उभा राहिलो.

वहिनी जवळ आली आणि मागे सरली.

"आई, धुतलेला आहे ना?"

"तोंडासमोर धरायचाय," आई म्हणाली, "तोंडात नाही."

वहिनीने एकदा हळूच वास घेतला. तो अपमान मी आजही विसरलेलो नाही. मग तिने गायला सुरुवात केली आणि मी सगळं विसरलो.

कसं सांगू? आयुष्यभर माझ्यावर माणसाचं ओझं होतं. पहिल्यांदाच माझ्याकडे माणसाचा श्वास आला. सा, रे, म हळूच स्पर्श करून निघून जायचे. प यायचा तो चापट मारून. आणि भ! भ म्हणजे पोटात गुद्दा. पण मी तो सगळा झोत पोटात घ्यायचो आणि सूर तेवढा पुढे सोडायचो. माईकला वाटायचं, आज हवा कशी शांत आहे. त्याला काय माहीत, त्याच्या वाटचा मार कोण खातंय!

त्या दिवशी 'फट्' आवाज आला नाही. मला काम मिळालं.

रेकॉर्डिंगच्या दुपारी घराची शिस्त ठरून गेली. पंखा बंद, खिडकी बंद, आईची शिंक पदरात. शेवटी फ्रिज. तो जुना होता आणि त्याची घरघर भिंतीतून आत यायची, म्हणून टेक सुरू व्हायच्या आधी त्याचं बटण बंद करायचं. आणि मग सगळे गाण्यात इतके रमायचे की तो चालू करायला विसरायचे. दूध नासलं. बर्फाचं पाणी होऊन स्वयंपाकघरभर पसरलं आणि दादा त्यात घसरून पडता पडता वाचला. त्यावर आईने तोड काढली. फ्रिज बंद करताना ती आपला चष्मा आत ठेवायची. चष्म्याशिवाय तिला सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणजे थोड्या वेळात चष्मा शोधायला फ्रिजपाशी येणारच, आणि आली की बटण चालू करणारच. गारेगार चष्मा नाकावर ठेवताना ती दर वेळी दचकायची आणि दर वेळी फ्रिजलाच रागवायची.

दादाला हे सगळं खुळचटपणाचं वाटायचं. तो वाईट माणूस नाही. पण त्याच्या धंद्यात दुरुस्त केलेली लिफ्ट वर-खाली जाताना दिसते. इथे काय दिसत होतं? एकदा जेवताना तो सहज म्हणाला, "पुसायचंच आहे तर एवढं जीव ओतून कशाला गायचं?"

वहिनी त्याला आमटी वाढत राहिली. मला मात्र उत्तर माहीत होतं. मी तिचा चेहरा वितीवरून बघायचो. ती डोळे मिटायची तेव्हा तिच्यासमोर ना संगीतकार असायचा ना मोठी गायिका. पण गाण्याच्या आधी तिला एक वाक्य बोलावं लागायचं. प्रत्येक डमीच्या सुरुवातीला तशी रीतच आहे, म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं कोणतं गाणं ते. ती गाण्याचं नाव सांगायची आणि म्हणायची, "डमी, टेक पहिला." तो 'डमी' शब्द माझ्यातून जाताना मला राग यायचा. ही बाई सकाळभर गावाची नावं पुकारते आणि दुपारी स्वतःला काय म्हणवून घेते, तर डमी.

मग ते गाणं आलं. कुठल्याशा मालिकेचं शीर्षकगीत होतं. चाल साधी होती. पण दुसऱ्या कडव्यात, वर चढायच्या आधी, वहिनी क्षणभर थांबली आणि मग सूर असा उचलला की माझ्या विरलेल्या टाचेतून झिणझिण्या गेल्या. चालीत ते थांबणं नव्हतं. ते तिचं होतं. धाकट्यानेही दोरी ओढली नाही. गाणं तसंच संगीतकाराकडे गेलं.

काही दिवसांनी दुपारी संगीतकाराचा फोन आला. वहिनी आतल्या खोलीतच होती. तिने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, म्हणून मी शब्दन् शब्द ऐकला. मोठ्या गायिकेने गाणं गायलं होतं, पण ती दुसऱ्या कडव्यातली जागा तिला सापडत नव्हती. मालिका काढणाऱ्यांच्या डोक्यात डमीतली तीच जागा बसली होती. आता मोठ्या गायिकेला पुन्हा यायला वेळ नव्हता.

"तर मी असं ठरवलंय," तो म्हणाला, "त्या दोन ओळी तुझ्याच ठेवायच्या. तुमचा दोघींचा आवाज मिळताजुळता आहे, कुणाला कळणार नाही. फक्त मागे फ्रिजचा आवाज आलाय जरा. तेवढं परत गाऊन पाठव." त्या दिवशी आईला चष्म्याची आठवण जरा लवकर झाली होती.

वहिनीचा हात तोंडावर गेला. तिचा आवाज पहिल्यांदा पुसला जाणार नव्हता! दारात उभा असलेला धाकटा हवेत उडायचाच बाकी होता. मीही, खोटं कशाला बोलू, फुगलो.

मग ती म्हणाली, "सर, नाव कसं लागेल?"

तिकडे तो हसला. छद्मीपणाने नाही, प्रेमानेच हसला. त्यामुळे जास्त लागलं. "अगं, डमीला कधी नाव असतं का? दोन ओळी राहतायत हेच खूप समज."

तिने विचार करून सांगते म्हटलं आणि फोन ठेवला.

संध्याकाळी घरात खल झाला. दादाचं म्हणणं सरळ होतं: "तूच म्हणायचीस ना, पुसतात म्हणून? आता राहतंय तर घे की." धाकट्याचं म्हणणं, आधी पाय तर आत टाकू, नावाचं पुढे बघू. वहिनी आईकडे बघायला लागली. आई दोरा तोडत होती.

"मी आयुष्यभर दुकानासाठी फुलं भरली," आई म्हणाली. "किती घरांत असतील, देव जाणे. पण माझी म्हणून एकाही घरात नाहीत. मला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. तुला विचारतायत."

बस्स, एवढंच बोलून ती सुईत दोरा ओवायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गादी उभी राहिली, चष्मा फ्रिजमध्ये गेला. वहिनी माझ्यासमोर आली. दोरीला झटका बसला. ती गाण्याचं नाव बोलली, "डमी" म्हणाली आणि थांबली. दोरीला परत झटका बसला. ती गायली नाही. तिने फोन उचलला, उभ्या उभ्याच संगीतकाराला लावला आणि सांगितलं, "सर, नाव लागणार असेल तर गाते. नाहीतर त्या ओळी काढून टाका. मला पुसलेलं चालेल, दुसऱ्याच्या नावावर चढवलेलं नाही चालणार."

संगीतकार रागावला नाही. तिच्या जागी गायला आणखी चार जणी आहेत एवढंच त्याने समजावून सांगितलं. त्यानंतर त्याचा फोन आला नाही.

गादी परत खाटेवर गेली. कॉम्प्युटरवर आईने कापड टाकलं. मी दिव्याच्या मानेला तसाच लटकत राहिलो आणि माझ्यावर धूळ बसायला लागली. लोकांना वाटेल, मोज्याला काय, कुठेही पडून राहील. नाही! पिशवीत पडून राहणं मला जमलं होतं, कारण तेव्हा मला काम माहीत नव्हतं. एकदा श्वास अंगावरून गेला की मग नुसती हवा पुरत नाही. माझी फार चिडचिड व्हायची. माईकचीही होत असावी, पण तो बोलून दाखवणाऱ्यातला नव्हे.

वहिनी दवाखान्यात जायची, यायची, भांडी घासताना काहीतरी गुणगुणायची. ती संगीतकाराची कुठलीच चाल नव्हती. धाकट्याने एकदा विचारलं, हे कुठलं? ती म्हणाली, "कुठलं नाही. बाकावरचे सगळे पेशंट आत गेले की सुचतं."

अशात फ्रिज बंद पडला. गंमत बघा, मेला तोही रेकॉर्डिंग बंद झाल्यावर, पण खापर गाण्यावर फुटलं. दादा म्हणाला, सारखं चालू-बंद केलं की कुठलंही यंत्र जीव टाकतं. सुट्टीच्या सकाळी त्याने हत्यारांची पेटी काढली, फ्रिज भिंतीपासून ओढला आणि मागे हात घालून धुळीने माखलेलं काहीतरी बाहेर काढलं. करड्या रंगाचं. नायलॉनचं.

माझा जुळा! इतका काळ तो फ्रिजच्या मागे, त्याच घरघरीत पडून होता, जी घरघर आम्ही इकडे बंद करत होतो.

दादाला इतका आनंद झाला की फ्रिज राहिला बाजूला. त्याने जुळ्याला स्वतःच्या हाताने धुतलं आणि दोरीवर टाकलं. नंतर फ्रिजही सुरू केला. हात चांगला आहे त्याचा, मी नाही म्हणत नाही. पण मला त्या रात्री धसका बसला. जोडी लागली होती. म्हणजे आता काय होणार ते उघड होतं. ग्रीस, शिड्या आणि उजवा बूट.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा कामावर निघायच्या तयारीत खोलीत आला. एका हातात जुळा होता. दुसरा हात त्याने माझ्याकडे केला आणि रिंगेचा स्क्रू सैल करू लागला. मी धरता येईल तितकं लाकूड घट्ट धरून ठेवलं. वहिनी आरशासमोर वेणी घालत होती.

"तो नाही मिळायचा," ती म्हणाली.

"का?"

"तो कामावर आहे."

दादा माझ्याकडे बघायला लागला. मग तिच्याकडे. "काम तर बंद पडलंय ना?"

"त्यांचं बंद पडलंय," वहिनी म्हणाली. "माझं नाही."

तिने वेणीला रबर लावलं. आवाज चढवला नव्हता. बाकावरच्या माणसाला आत बोलवावं तितक्याच आवाजात बोलली होती. दादाचा हात स्क्रूवरच होता. हा माणूस यंत्राचा आवाज ऐकून कुठे काय घासतंय ते सांगतो. त्या दिवशी बायकोचा आवाज त्याने बहुधा तसा ऐकला असावा. त्याने रिंगेचा स्क्रू परत आवळला आणि हातातला जुळा टेबलावर ठेवला.

"मग हाही घे," तो म्हणाला. "जोडी मोडू नये."

आणि अंगठ्याला भोक पडलेले दुसरे मोजे घालून तो कामावर गेला.

आईने जुळ्याला माझ्या मागे, त्याच रिंगेवर ताणलं. धाकटा म्हणाला, बाजारातल्या महागड्या पडद्यालाही दोन पदर असतात. जुळा कुरकुरला. इथे पाय कुठेत, चालायचं कधी, बूट कुठे ठेवलाय? मी म्हटलं, "गप्प बस आणि पोट घट्ट ठेव."

पुढच्या सुट्टीला गादी उभी राहिली. कपाट उघडलं. पंखा थांबला. आईने चष्मा फ्रिजमध्ये ठेवला आणि तिच्या मागोमाग दादा आला. त्याने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि चष्म्याशेजारी ठेवला. त्या किल्ल्यांशिवाय त्याला कुठल्याच मशीनच्या खोलीत शिरता येत नाही. "एकाला दोन आठवणी असलेल्या बऱ्या," एवढंच म्हणून त्याने स्वतः बटण बंद केलं. आणि तो खाली जमिनीवर बसला, पाय दुमडून, हलला तर आवाज होईल या भीतीने.

वहिनी आत आली. कोमट पाणी प्यायली. खाकरली. आज घसा बरोबर नाही असं पुटपुटली. गाणारी माणसं हे म्हटल्याशिवाय गातच नाहीत. मग तिने डोळे मिटले. दोरीला झटका बसला.

सवयीने तोंडाशी आलेला शब्द तिने गिळला, ते मला वितीवरून दिसलं. दोरीला पुन्हा झटका बसला. मग तिने श्वास घेतला आणि आपलं नाव सांगितलं. पूर्ण नाव, दवाखान्यात पुकारतात तसं, खणखणीत.

तिचं नाव भ वरून सुरू होतं. इतके दिवस मी तिच्यासमोर होतो आणि मला ते ठाऊक नव्हतं, कारण या खोलीत ते कुणी कधी उच्चारलंच नव्हतं. तो भ असा येऊन आदळला की मी कमानीसारखा मागे वाकलो आणि जुळ्यावर जाऊन टेकलो. तो कण्हला. पण दोघांनी मिळून तो झोत पेलला आणि नाव तेवढं पुढे सोडलं.

मग ती गायली. भांडी घासतानाची तीच चाल होती आणि शब्दही तिचेच:

सगळ्यांची नावं घेऊन झाली, बाकावर आता कुणी नाही,
एकच नाव उरलं आहे, जे मी कधी घेतलं नाही.

दुसऱ्या कडव्यात ती थांबली, तशीच, वर चढायच्या आधी. आणि उचललं. मला रडू आलं असेल, पण नायलॉनला पाणी धरता येत नाही, म्हणून पुरावा नाही.

गाणं संपलं तेव्हा दाराच्या फटीतून धाकट्याने विचारलं, "वहिनी, सुरुवातीचं बोलणं कापू ना? डमीचं कापतात तसं?"

"गाण्यातलं काहीही काप," वहिनी म्हणाली. "नाव कापायचं नाही."

त्याने काहीच कापलं नाही. ते गाणं त्याने नेटवर टाकलं. किती जणांनी ऐकलं ते मला विचारू नका, मोजायचं काम माझं नाही. दातांच्या डॉक्टरांनी ऐकलं आणि दवाखान्यात लावलं, एवढं कानावर आलं. संगीतकाराने ऐकलं की नाही कळलं नाही. वहिनीने विचारलंही नाही. आता आमच्याकडे दर सुट्टीला गादी उभी राहते. दादाला एकदा किल्ल्या फ्रिजमध्येच विसरून कामावर गेल्याबद्दल बोलणी बसली. घरी येऊन तो त्यावर स्वतःच हसला.

माझं म्हणाल तर टाच आणखी विरलीय. मधोमध एक धागा सुटलाय. धाकट्याने परवा बाजारातला खरा पडदा आणायची गोष्ट काढली होती. आणा खुशाल. त्याने आधी तो भ झेलून दाखवावा, मग मी रिंग सोडतो. तोवर मला पायात, पिशवीत किंवा फडताळ पुसायला न्यायला कुणी हात लावून बघावा!

तुमच्याही दाराच्या मागे एखादी पिशवी असेल. तिच्यात कुणी वाट बघत पडलेला असेल, तर त्याला जोडी शोधून देण्याची वचनं देऊ नका. त्याला विचारा, काम करतोस का?

आणि आमच्या वहिनीचं गाणं कुठे कानावर पडलं, तर सुरुवात चुकवू नका. आधी नाव आहे. त्या नावातल्या भ वर 'फट्' असा आवाज व्हायला हवा होता. तो होत नाही. नाव स्वच्छ येतं. माझं नाव तिथे कुठे नाही आणि मला ते नकोही आहे. तो आवाज जिथे होत नाही ना, तिथे आम्ही दोघं उभे आहोत.